अन्नातील साल्मोनेला जंतूंचा शोध : प्रयोगशालेय पद्धती व निकालाचा अर्थ

अन्न खाण्यायोग्य आहे की नाही हे डोळ्यांनी, नाकाने व जिभेने ठरविण्याची मनुष्याची सवय फार जुनी आहे. दूध नासले की फाटते, वरण आंबले की त्याला वास येतो, भाकरीवर बुरशी आली की ती दिसताच बाजूला सारली जाते. परंतु अन्न नासविणारे जंतू निराळे आणि मनुष्यास आजारी पाडणारे जंतू बहुधा निराळे असतात. साल्मोनेला ह्या वंशातील जंतू अन्नात असले तरी त्या अन्नाचा रंग, वास वा चव ह्यांत सहसा काहीच पालट होत नाही. ज्या पदार्थाविषयी कोणासही शंका येत नाही तोच घरातील सर्वांना अंथरुणाला खिळवितो. म्हणून ह्या जंतूंच्या बाबतीत प्रयोगशाळेतील परीक्षा हाच भरवशाचा मार्ग उरतो. ह्या परीक्षेचे टप्पे कोणते, प्रत्येक टप्प्यामागील कारण कोणते, आणि शेवटी हाती येणाऱ्या निकालातून किती निष्कर्ष काढता येतो, ह्यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्वेतिहास

१८८५ मध्ये थिओबाल्ड स्मिथ ह्याने अमेरिकेत डुकरांच्या एका रोगाचा अभ्यास करताना ह्या वंशातील एक जंतू वेगळा केला. स्मिथ ज्यांच्या हाताखाली काम करीत होता त्या डॅनिएल साल्मन ह्यांच्या नावावरून पुढे ह्या वंशास साल्मोनेला हे नाव पडले. डुकरांचा तो रोग वस्तुतः विषाणुजन्य होता हे नंतर सिद्ध झाले. जंतू मात्र खरा होता व नावही टिकले. अन्नविषबाधेशी ह्या जंतूंचा संबंध १८८८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट गार्टनर ह्याने जोडून दाखविला. फ्रांकेनहाउझेन येथे एका आजारी गाईचे मांस खाऊन अनेक लोक आजारी पडले व एक जण दगावला. त्या मांसातून आणि मृताच्या प्लीहेतून गार्टनरने एकच जंतू मिळविला. अन्नात जो जंतू आहे तोच रोग्याच्या देहात आहे हे दाखविणे, हा त्याच्या कामाचा गाभा होता. आज साधने पालटली असली तरी अन्नजन्य रोगाच्या तपासाचे सूत्र तेच आहे.

हे काम शक्य झाले ते त्याआधीच्या काही वर्षांत जंतुशास्त्राच्या हाती आलेल्या साधनांमुळे. रॉबर्ट कॉख ह्याने जंतू घट्ट माध्यमावर वाढविण्याची रीत घालून दिली. फॅनी हेस ह्या बाईंच्या सूचनेवरून त्या माध्यमासाठी समुद्रशेवाळापासून मिळणारे अगार वापरात आले, आणि १८८७ मध्ये पेट्रीने आपल्या नावाने प्रसिद्ध असलेली झाकणाची बशी तयार केली. एक पेशी एका जागी पडावी, तेथेच तिची संतती वाढावी व तिची डोळ्यांना दिसेल अशी वसाहत व्हावी, ही कल्पना आजही ह्या सर्व परीक्षांच्या मुळाशी आहे.

२. मूळ अडचण

साल्मोनेला शोधणे अवघड का, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. एक तर अन्नात त्यांची संख्या पुष्कळदा अत्यल्प असते. दुसरे असे की, त्याच अन्नात इतर निरुपद्रवी जंतू लाखांनी असू शकतात, आणि त्यांतील कित्येक साल्मोनेलाचे जवळचे आप्त असल्याने त्यांच्या वाढीच्या गरजाही सारख्याच असतात. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. वाळविणे, तापविणे, गोठविणे ह्या क्रियांतून जे जंतू जिवंत राहतात ते धडधाकट नसतात. त्यांच्या पेशींचे आवरण दुखावलेले असते. असा जंतू मेलेला नसतो, पण त्यास लगेच कठोर परिस्थितीत टाकल्यास तो मरतो. उलट अनुकूल परिस्थिती मिळाल्यास काही तासांत सावरतो व पुन्हा रोगकारक ठरू शकतो.

ह्यास्तव येथे जंतूंची नुसती मोजदाद करून भागत नाही. दुधातील एकूण जंतू मोजावयाचे तर दूध पातळ करून त्याचा ठराविक अंश बशीत ओतावा व वसाहती मोजाव्यात, एवढे पुरते. साल्मोनेलाच्या बाबतीत प्रश्न ‘किती’ हा नसून ‘आहे की नाही’ हा असतो, आणि तो ठराविक वजनाच्या नमुन्यापुरता विचारला जातो. हे वजन सामान्यतः २५ ग्रॅम धरतात.

३. पूर्वसंवर्धन

२५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर निर्जंतुक पेप्टोनयुक्त पाण्यात मिसळून ३७ अंश सेल्सियसच्या सुमारास सुमारे १८ तास ठेवणे, हा परीक्षेचा पहिला टप्पा होय. पाण्याची आम्लता फार पालटू नये म्हणून त्यात फॉस्फेटची लवणे घातलेली असतात. ह्या माध्यमात कोणत्याही जंतूस अटकाव नसतो. दुखावलेल्या पेशींना सावरण्यास अवसर द्यावा हाच त्याचा हेतू आहे.

ह्या टप्प्यास लागणारा वेळ वाया गेला असे वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडे गणित केल्यास त्याचे मोल कळते. समजा, नमुन्यात साल्मोनेलाची एकच पेशी आहे. ती सावरल्यानंतर दर अर्ध्या तासाने दुप्पट होत गेली, तर दहा तासांत वीस पिढ्या होऊन एका पेशीच्या दहा लाखांहून अधिक पेशी होतील. २५० मिलिलिटर मिश्रणात त्या पसरल्या तर दर मिलिलिटरला सुमारे चार हजार पेशी येतील, आणि पुढील टप्प्यासाठी त्यातून केवळ ०.१ मिलिलिटर द्रव उचलला तरी त्यात चारशे पेशी असतील. आता घाईने मिश्रण लवकर काढले व दहाच पिढ्या झाल्या, तर पेशी सुमारे एक हजार, म्हणजे मिलिलिटरला चार. उचललेल्या ०.१ मिलिलिटरमध्ये एकही पेशी न येण्याचा संभव येथे येण्याच्या संभवाहून अधिक आहे. नमुन्यात जंतू होता, तो वाढतही होता, तरीही प्रयोगशाळेने त्यास हातचा गमावला असे होईल.

पदार्थपरत्वे ह्या टप्प्यात फेरफार करावे लागतात. कोरडी दूधभुकटी पाण्यात एकदम ढवळल्यास शुष्क पेशींत पाणी वेगाने शिरून त्यांना धक्का बसतो; म्हणून ती द्रवाच्या पृष्ठभागावर हलकेच पसरून आपोआप भिजू देण्याची रीत आहे. कांदा व लसूण ह्यांच्यात जंतुनाशक द्रव्ये असल्यामुळे माध्यमात पोटॅशियम सल्फाइट घालून त्यांचा प्रभाव नाहीसा करतात. दालचिनी व लवंग ह्यांच्या बाबतीत असा सोपा उतारा नसल्याने मिश्रण पुष्कळ पातळ करावे लागते: दालचिनीसाठी शंभर पट, तर लवंगेसाठी हजार पट. चॉकलेट व कोको ह्यांतील जंतुरोधक द्रव्यांस दुधातील केसीन बांधून ठेवते. म्हणून त्यांच्यासाठी मलई काढलेल्या दुधाचे माध्यम घेतात. मसाल्याच्या पदार्थात साल्मोनेला आढळला नाही असे सांगण्यापूर्वी, मसाल्याने परीक्षाच निष्फळ केली नव्हती ना, हे पाहणे अगत्याचे असते.

४. निवडक संवर्धन

सावरलेल्या साल्मोनेलाबरोबर इतर जंतूही वाढलेले असतात. दुसऱ्या टप्प्यात त्यांना मागे रेटावयाचे असते. ह्यासाठी दोन प्रकारचे द्रव विशेष प्रचलित आहेत. रापापोर्ट व वासिलियाडिस ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रवात मॅग्नेशियम क्लोराइडचे प्रमाण मोठे असते, तो काहीसा आम्ल असतो, त्यात मॅलेकाइट ग्रीन हा रंग घातलेला असतो, आणि तो ४१.५ अंशांवर ठेवतात. ह्यांपैकी एकेक अडथळा अनेक जंतू सहन करू शकतात. चारही अडथळे एकत्र आले म्हणजे साल्मोनेला टिकून राहतो व त्याचे बहुतेक सोबती मागे पडतात.

दुसऱ्या द्रवात टेट्राथायोनेट हे गंधकाचे संयुग असते. म्युलरने १९२३ मध्ये सुचविलेल्या ह्या माध्यमात पुढे काउफमानने पित्त व ब्रिलियंट ग्रीन घालून सुधारणा केली. साल्मोनेलापाशी टेट्राथायोनेटचे क्षपण करणारे विकर असल्याने तो त्याचा उपयोग करून घेतो. ज्यांच्यापाशी ते नाही त्यांची वाढ खुंटते. दोन्ही द्रव एकाच वेळी वापरण्याचे कारण उघड आहे. साल्मोनेलाचे सर्वच प्रकार प्रत्येक अडथळा सारख्याच जोमाने ओलांडीत नाहीत. विषमज्वराचा जंतू ह्याच वंशातील असूनही रापापोर्टच्या द्रवात तो नीट वाढत नाही. एका चाळणीतून निसटलेला दुसरीत सापडावा, अशी ही योजना आहे.

५. घट्ट माध्यमावरील वसाहती

तद्नंतर प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावरील कडीने द्रवाचा लहानसा अंश घेऊन तो घट्ट माध्यमावर रेघोट्यांनी पसरतात. १९६५ मध्ये टेलर ह्याने मांडलेले झायलोज, लायसीन व डेसॉक्सिकोलेट ह्यांचे माध्यम आज सर्वत्र वापरात आहे. त्याची रचना एखाद्या कोड्यासारखी आहे. साल्मोनेला प्रथम झायलोज ही शर्करा आंबवून आम्ल निर्माण करतो व माध्यम पिवळे होऊ लागते. ही शर्करा थोडीच असल्याने ती संपते. मग तो लायसीनचे विघटन करून अल्कली निर्माण करतो व माध्यम पुन्हा लाल होते. शिवाय थायोसल्फेटपासून तो हायड्रोजन सल्फाइड वायू बनवितो, आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन वसाहतीचा मध्य काळा होतो. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हा जंतू माध्यमातील लॅक्टोज व सुक्रोज ह्या शर्कराही आंबवितो. त्याचे आम्ल इतके होते की त्याच्या वसाहती पिवळ्याच राहतात. लाल वसाहत व काळा मध्य हे साल्मोनेलाचे नेहमीचे रूप होय.

परंतु रूप म्हणजे ओळख नव्हे. प्रोटियस हा जंतूही काळा मध्य दाखवितो. उलट साल्मोनेलाचे काही वाण हायड्रोजन सल्फाइड निर्माण करीत नाहीत, तर काही लॅक्टोज आंबवितात. अशा वाणांच्या वसाहती परिचित रूपात दिसत नाहीत. म्हणून निराळ्या तत्त्वावर बनविलेले दुसरे माध्यम, उदाहरणार्थ बिस्मथ सल्फाइटचे, जोडीला घेण्याचा प्रघात आहे.

६. जीवरासायनिक व रक्तरसाच्या कसोट्या

संशयित वसाहत शुद्ध करून तिच्यावर कसोट्यांची एक मालिका करतात. तीन शर्करा व लोह असलेल्या तिरप्या अगारात साल्मोनेला सामान्यतः तळ पिवळा व उतार लाल ठेवतो, तळाशी काळेपणा आणतो आणि बहुधा वायूचे बुडबुडे दाखवितो. तो लायसीनचे विघटन करतो, पण युरियाचे करीत नाही. युरियाच्या कसोटीत गुलाबी रंग आला म्हणजे प्रोटियस उघडा पडतो. कोणतीही एक कसोटी निर्णायक नसते. सर्वांचा मेळ बसला तरच जंतूची जात ठरते.

वंश ठरल्यावर प्रकार ठरवावयाचा. ह्या जंतूंच्या पेशीच्या अंगावर व हालचालीच्या केसरांवर निरनिराळी प्रतिजने असतात. विशिष्ट प्रतिपिंडे असलेल्या रक्तरसाच्या थेंबात जंतू मिसळले असता त्यांच्या गुठळ्या होतात. १८९६ मध्ये ग्रूबर व डरहॅम ह्यांनी वर्णिलेल्या ह्या घटनेवर ब्रिटनमध्ये व्हाइट ह्याने व कोपनहेगन येथे काउफमानने जी वर्गवारी उभारली तीत आज २,५०० हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. ही कसोटी करण्यापूर्वी जंतू नुसत्या मिठाच्या पाण्यात मिसळून पाहावे लागतात. तेथेच गुठळ्या होत असतील तर रक्तरसातील गुठळ्यांना काही अर्थ राहत नाही. भारतात ह्या प्रकारनिश्चितीचे काम कसौली येथील राष्ट्रीय केंद्रात व पशूंपासून मिळालेल्या जंतूंसाठी इज्जतनगर येथील केंद्रात चालते.

पुष्कळ प्रकारांना ते प्रथम जेथे मिळाले त्या गावांची नावे आहेत. डब्लिन, हायडेलबर्ग, पनामा ह्यांच्या पंक्तीत पुणे व बरेली ही नावेही आहेत. ‘साल्मोनेला पूना’ हा प्रकार आज पुण्याच्या वेशीत अडकून राहिलेला नाही. २०१५ मध्ये मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमुळे अमेरिकेत ९०० हून अधिक लोक आजारी पडले, तेव्हा कारण म्हणून हेच नाव पुढे आले. नाव हे जंतूचे जन्मस्थान सांगत नाही; केवळ प्रथम नोंद कोठे झाली ते सांगते.

प्रकारनिश्चिती ही निव्वळ नावे ठेवण्याची हौस नव्हे. १९६५-६६ मध्ये अमेरिकेत दूरदूरच्या राज्यांतील रोग्यांत न्यू ब्रन्सविक हा विरळा प्रकार आढळू लागला. नेहमीचा प्रकार असता तर हे रोगी इतर रोग्यांत मिसळून गेले असते. विरळेपणामुळेच ते एकमेकांशी जोडले गेले व त्यांचा माग काढता काढता दूधभुकटीपर्यंत पोहोचता आले.

७. जनुकांवर आधारलेल्या पद्धती

वरील क्रमाने नकारार्थी निकाल यावयास सुमारे तीन दिवस व होकारार्थी निकाल पक्का व्हावयास पाच वा अधिक दिवस लागतात. भाजी, मासे, मांस अशा नाशवंत पदार्थांसाठी हा विलंब फार होतो. कॅरी मलिस ह्याने १९८३ मध्ये कल्पिलेल्या पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने, म्हणजे पीसीआरने, त्यावर तोड काढली. साल्मोनेलाच्या ठराविक जनुकाचा तुकडा ह्या क्रियेत प्रत्येक फेरीस दुप्पट होतो. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होऊ शकतात व त्यांचे अस्तित्व यंत्रास सहज कळते.

तथापि ह्या पद्धतीने जुने टप्पे निकालात काढले असे समजणे चुकीचे ठरेल. अभिक्रियेत द्रवाचे केवळ काही मायक्रोलिटर घेतले जातात. २५ ग्रॅम अन्नातील एकटी पेशी त्यात येण्याची आशा धरणे व्यर्थ होय. म्हणून पूर्वसंवर्धन आवश्यकच राहते. स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम व मसाल्यातील द्रव्ये ही अभिक्रिया रोखू शकतात. ह्यास्तव प्रत्येक नळीत एक ज्ञात तुकडा मुद्दाम घालतात. तोही न वाढल्यास, साल्मोनेला नाही असे न म्हणता परीक्षा झालीच नाही असे मानावयाचे असते. शिवाय मेलेल्या जंतूचे जनुकद्रव्यही काही काळ शिल्लक राहते. म्हणून पीसीआरचा होकार आला की जुन्या रीतीने जिवंत जंतू मिळवून तो पक्का करतात. नकार मात्र दुसऱ्याच दिवशी हाती येतो, व बहुसंख्य नमुने नकारार्थीच असल्याने वेळेची बचत मोठी होते.

जंतूच्या सुमारे ४८ लाख अक्षरांच्या संपूर्ण जनुकद्रव्याचे वाचन करणे आता शक्य झाले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत ट्यूना माशाच्या कच्च्या खरवडीमुळे ४०० हून अधिक लोक आजारी पडले. जंतूचा प्रकार होता बरेली, आणि मासा भारतातून गेलेला होता. त्या वेळेपर्यंत वापरात असलेल्या पद्धतींनी ह्या साथीचे जंतू त्याच प्रकाराच्या असंबद्ध जंतूंपासून नीट वेगळे काढता येत नव्हते. संपूर्ण वाचनात रोग्यांपासूनचे व माशापासूनचे जंतू एका कुळाचे ठरले. काही वर्षांपूर्वी भारतातील त्याच परिसरातून आलेल्या कोळंबीतील जंतूही त्यांचे जवळचे आप्त निघाले. गार्टनरने मांस व प्लीहा ह्यांच्यात जो दुवा जोडला, तोच दुवा येथे दोन खंडांच्या अंतरावर जोडला गेला. परंतु वाचन करावयास हाती शुद्ध जंतू असावा लागतो. बशीवरील वसाहत उचलण्याचे काम म्हणूनच अद्याप संपलेले नाही.

८. निकालाचा अर्थ

प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ‘२५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही’ असे लिहिलेले असते. व्यवहारात त्याचा अर्थ ‘माल निर्दोष’ असा लावला जातो. ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे.

समजा, दूधभुकटीच्या एका मोठ्या घाण्यात किलोमागे सरासरी एक जंतू सर्वत्र विखुरलेला आहे. २५ ग्रॅमचा एक नमुना घेतल्यास त्यात जंतू येण्याचा संभव चाळिसांत एक. भारतातील अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे दूधभुकटीचे पाच नमुने तपासतात. पाचही मिळून १२५ ग्रॅम होतात व जंतू सापडण्याचा संभव शेकडा १२ च्या आसपास येतो. म्हणजे असे शंभर दूषित घाणे आले तर सुमारे ८८ घाणे निर्दोष ठरून बाहेर पडतील, आणि त्यात प्रयोगशाळेची कसलीही चूक नसेल. अर्भकांच्या दूधभुकटीसाठी २००८ च्या आंतरराष्ट्रीय संहितेने साठ नमुने सांगितले आहेत. त्यांचे वजन दीड किलो भरते व सापडण्याचा संभव शेकडा ७८ होतो. अर्भकाची प्रतिकारशक्ती अपुरी असते व त्याचा सारा आहार त्या एका डब्यावर चालतो. म्हणून ही कडक अट. तरीही शंभरांतील सुमारे बावीस वेळा जंतू निसटतोच.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, तपासणीने माल सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित होतो तो दूध योग्य तापविल्याने, तापविलेले दूध कच्च्या दुधापासून दूर ठेवल्याने व कारखान्याची जमीन कोरडी राखल्याने. तपासणीचे काम ह्या व्यवस्थेवर नजर ठेवण्याचे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. होकारार्थी निकाल आल्यावर फेरतपासणीची मागणी होते; फेरतपासणीत जंतू सापडत नाही; आणि पहिला निकाल चुकीचा ठरवून माल सोडण्याचा आग्रह धरला जातो. वरील गणित पाहिल्यावर ह्या आग्रहातील दोष स्पष्ट होईल. किलोमागे एक जंतू असताना दुसऱ्या खेपेस तो न सापडणे हेच अपेक्षित आहे. दुसऱ्या नकाराने पहिला होकार रद्द होत नाही.

पहिला होकार रद्द करावयाचा असेल तर त्यास एकच आधार चालतो: जंतू अन्नातून आला नसून प्रयोगशाळेतूनच नमुन्यात शिरला, असा पुरावा. तो मिळावा म्हणून दक्ष प्रयोगशाळा तुलनेसाठी वापरावयाचा जंतू मुद्दाम विरळ्या प्रकाराचा ठेवतात, उदाहरणार्थ नॉटिंगहॅम. नमुन्यात तोच प्रकार निघाला तर संशय प्रथम स्वतःच्या मेजावर घ्यावयाचा. दुसरा निघाला तर तो अन्नातलाच मानावयाचा. प्रत्येक दिवशीच्या कामात एक नळी ज्ञात जंतूची व एक कोरी ठेवणे, ह्या साध्या शिस्तीवरच अखेर निकालाची विश्वसनीयता उभी असते.

‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ ह्या दोन विधानांत अंतर आहे. पूर्वसंवर्धनाचे अठरा तास, दोन निवडक द्रव, दोन माध्यमे, साठ नमुने, अभिक्रियेच्या नळीतील ज्ञात तुकडा ही सारी योजना ते अंतर कमी करण्यासाठी आहे. ते पूर्णपणे मिटविता येत नाही. म्हणून दाखल्यावर सही करणाऱ्याने व तो दाखला वाचणाऱ्याने ते कधीही विसरू नये.